हाड सांधते कोण?

कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले. मोतीबाग, गंगावेस अशा तालमींतून पैलवानांच्या कित्येक पिढ्या घडल्या. जिथे कुस्ती आहे तिथे निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे आणि मोडलेले हातही असणारच. त्यामुळे तालमीतला अनुभवी वस्ताद आणि गावोगावचा हाडवैद्य या भागात मानाने वावरत आले. हाताने चाचपून हाड कुठे सरकले आहे हे ओळखायचे, ओढून जागेवर आणायचे, लेप लावायचा आणि बांबूच्या कामट्या बांधायच्या, ही त्यांची रीत. पुष्कळांचे हात-पाय त्यांनी बरे केले, आणि काहींचे कायमचे अधूही झाले.

एकाच रीतीने असे दोन टोकांचे परिणाम का व्हावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच अस्थिशल्यचिकित्सेचे शास्त्र घडले. त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या कोल्हापूर-मिरज परिसरापर्यंत येऊन पोचतो.

मोडलेल्या हाडात काय घडते?

हाड म्हणजे शरीरातला निर्जीव खांब, अशी आपली समजूत असते. वर्गात सांगाडा दाखवताना ती आणखी पक्की होते. प्रत्यक्षात हाड ही रक्तपुरवठा असलेली, सतत झिजणारी व सतत नव्याने बांधली जाणारी जिवंत ऊती आहे. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ याने १८९२ साली मांडले की, हाडावर जसा भार येतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. व्यायाम करणाऱ्याचे हाड भक्कम होते आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्याचे हाड विरळ होते, ते याचमुळे.

हाड मोडले की प्रथम तिथे रक्त साकळते. त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांभोवती मऊ, कूर्चेसारख्या ऊतीचा वेढा पडतो. पुढे त्यात कॅल्शियमचे क्षार साचून तो टणक होतो. या जोडाला डॉक्टर ‘कॅलस’ म्हणतात. नंतर कित्येक महिने हा ओबडधोबड जोड तासला जाऊन हाडाला मूळचा आकार येत राहतो. कातडीची जखम भरली की व्रण उरतो. हाड मात्र हाडानेच भरून येते.

म्हणजे हाड सांधतो तो हाडवैद्यही नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. हाड स्वतःच सांधते. बाहेरच्या माणसाने तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. तुकडे सरळ रेषेत हवेत, ते फार हलता कामा नयेत आणि तिथला रक्तपुरवठा अबाधित हवा. हाडवैद्याला पहिल्या दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. घोटाळा होतो तो तिसरीत.

घट्ट पट्टीचा धोका

सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिलेले आहेत. पट्टी कशी बांधावी याबद्दलही तिथे स्पष्ट सूचना आहे. पट्टी फार सैल झाली तर सांध्याला स्थैर्य येत नाही. फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो. ती किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी हेही ऋतुमानाप्रमाणे सांगितले आहे. यामागे निरीक्षण आहे, यात शंका नाही. परंतु परंपरेने हस्तकौशल्य जसे पुढच्या पिढीकडे पोचवले, तशी ही सावधगिरी सर्वत्र पोचवली नाही.

आवळलेल्या पट्टीने नेमके काय होते हे १८८१ साली जर्मनीतील रिखार्ड फोन फोल्कमान याने दाखवले. मोडलेला हात सुजतो. वर करकचून पट्टी असेल तर सुजेला बाहेर जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. काही तास असे राहिले की स्नायू मरतात. हाड व्यवस्थित जुळते, पण बोटे आखडून पंजा निकामी होतो. हे केवळ कामट्यांनी होते असे नाही. दवाखान्यात घातलेल्या घट्ट प्लॅस्टरनेही हेच होऊ शकते. दोष अमुक एका परंपरेचा नसून रक्तप्रवाहाकडे केलेल्या दुर्लक्षाचा आहे.

त्या काळी डॉक्टर तरी हाडवैद्यापेक्षा किती पुढे होता? कोल्हापूरचे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय १८८० च्या दशकात ‘अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल’ म्हणून उभे राहिले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे तिथल्या डॉक्टरांनाही मोडलेले हाड बोटांनीच ‘पाहावे’ लागत होते.

हाडवैद्याचा मुलगा

इंग्लंडमध्येही हाडवैद्य होते, आणि तिथल्या अस्थिशल्यचिकित्सेचा पाया घालणारा माणूस त्यांच्याच घरातला होता. ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) याचा बाप लिव्हरपूलमधला नामांकित हाडवैद्य. डॉक्टरमंडळींशी त्याचे सतत खटके उडत. मुलगा मात्र रीतसर वैद्यक शिकला. घरचे हस्तकौशल्य आणि शरीररचनेचे ज्ञान त्याच्या ठायी एकत्र आले. मोडलेल्या पायाला ताण देऊन स्थिर ठेवणारी लोखंडी सळ्यांची साधी चौकट त्याने बनवली. तिला ‘टॉमस स्प्लिंट’ म्हणतात.

हयातीत त्याची फारशी कदर झाली नाही. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात ही चौकट आघाडीवर नेण्याचा आग्रह धरला. मांडीचे हाड गोळीने मोडलेले सैनिक तोवर मोठ्या संख्येने दगावत असत. १९१७ च्या अरासच्या लढाईत ही चौकट वापरून उपचार केलेल्या १००९ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्क्यांवर आले होते. ही नोंद ठेवली गेली म्हणूनच चौकटीचा उपयोग सिद्ध झाला. हाडवैद्याच्या आणि डॉक्टरच्या कामातला खरा फरक इथे दिसतो. हातातले कौशल्य दोघांकडेही असू शकते. पण किती रुग्ण बरे झाले, किती झाले नाहीत आणि का, हे लिहून ठेवल्याशिवाय कौशल्याचे शास्त्र होत नाही.

जे हाड सांधतच नाही

तरीही एक दुखणे उरलेच. काही हाडे महिनोन्‌महिने वाट पाहूनही सांधत नाहीत. काहींत पू होऊन हाडाचा तुकडाच नष्ट होतो. काही वाकडी किंवा आखूड जुळतात. नडगीचे चार-पाच सेंटिमीटर हाड गेलेल्या शेतकऱ्यापुढे अनेकदा दोनच वाटा असत, जन्मभर कुबड्या किंवा पाय कापणे. १९०५ साली इटलीतील कोदिविल्ला याने हाड कापून पाय जोराने ओढून लांब करण्याचा प्रयत्न केला होता. पण अशा घाईच्या ओढीने कातडी, नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होई.

यावर उपाय निघाला तो मोठ्या राजधानीत नव्हे, तर सायबेरियातील कुर्गान या आडवळणाच्या प्रांतात. गाव्रील इलिझारोव्ह (१९२१–१९९२) हा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे नेमला गेला. युद्धातून परतलेले, न सांधलेल्या हाडांचे कितीतरी रुग्ण त्याच्यासमोर होते. १९५१ च्या सुमारास त्याने एक उपकरण बनवले. हाडातून आरपार बारीक तारा घालायच्या, सायकलच्या चाकातील तारांप्रमाणे त्या बाहेरच्या धातूच्या कड्यांना ताणून बसवायच्या आणि कडी एकमेकांना आट्यांच्या सळ्यांनी जोडायची. नट फिरवले की कडी जवळ येतात किंवा दूर जातात आणि त्यांच्याबरोबर हाडाचे तुकडेही सरकतात.

सुरुवातीला हेतू तुकडे एकमेकांवर दाबण्याचा होता. असे सांगतात की, एका रुग्णाने नट उलट्या दिशेने फिरवले आणि फट वाढत गेली. फोटो काढल्यावर दिसले की त्या फटीत नवे हाड तयार होत आहे. योगायोग इथे संपतो आणि संशोधन सुरू होते. इलिझारोव्हने कुत्र्यांवर वर्षानुवर्षे पद्धतशीर प्रयोग केले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर फट वेळेआधीच सांधून बसते. दोन मिलिमीटर ओढले तर ऊतींना इजा होते. एक मिलिमीटर योग्य, आणि तोही एकदम न ओढता पाव पाव मिलिमीटर असा चार वेळा. इतक्या संथ ताणाखाली हाडाबरोबर रक्तवाहिन्या, नसा, स्नायू आणि कातडीही वाढतात.

हाडाचा मधला तुकडा गेला असेल तर युक्ती आणखी सुंदर आहे. उरलेल्या निरोगी हाडाला दूरच्या टोकाशी एक काप द्यायचा आणि सुटा झालेला भाग रोज एक मिलिमीटर रिकाम्या जागेकडे सरकवत न्यायचा. पुढची पोकळी तो भरतो. मागे पडलेल्या वाटेत नवे हाड उगवते.

ही पद्धत पश्चिम युरोपात पोचायला तीस वर्षे लागली. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी याचा अनेक वर्षे बरा न होणारा पाय १९८० साली कुर्गानमध्ये बरा झाला. तेव्हा तिथल्या डॉक्टरांचे कुतूहल जागे झाले आणि १९८१ साली इलिझारोव्हला इटलीत व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले.

मिरजेपर्यंत

कोल्हापूर आणि मिरज ही शहरे १८९१ पासून रेल्वेने जोडलेली आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले, तर १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर या भागांतले रुग्ण उपचारांसाठी मिरजेची वाट धरतात. त्यांतले बरेच उशिरा येतात. आधी घरगुती उपाय, मग हाडवैद्य, मग पैशांची जुळवाजुळव आणि तोवर हाड वाकडे जुळलेले किंवा त्यात पू झालेला. महायुद्धानंतरच्या कुर्गानमधले आणि आपल्या भागातले रुग्ण या बाबतीत एकमेकांसारखेच होते.

मिरजेच्या ‘स्वास्थियोग प्रतिष्ठान’चे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. जी. एस. कुलकर्णी हे इलिझारोव्हची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांपैकी एक. हाडांचे व्यंग कसे मोजावे आणि कसे दुरुस्त करावे यावर त्यांनी शोधनियतकालिकांतून लिहिले. त्यांनी संपादित केलेला अस्थिशल्यचिकित्सेचा अनेक खंडांचा इंग्रजी पाठ्यग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ मुंबई-दिल्लीऐवजी एका तालुक्याच्या गावी बसून संपादित व्हावा, ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट आहे.

ही पद्धत जादू मात्र नाही. चार सेंटिमीटर हाडासाठी नुसत्या ओढण्यालाच ४० दिवस लागतात. नवे हाड टणक होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ, आणि तोवर पायाभोवती कडी वागवावी लागतात. तारांच्या जागी पू होऊ शकतो, सांधे आखडू शकतात. रोज नट फिरवण्याचे आणि व्यायामाचे काम रुग्णाला किंवा घरच्यांनाच करावे लागते. आता बाहेरील कड्यांऐवजी हाडाच्या पोकळीत बसवून चुंबकाच्या साहाय्याने लांब करता येणारे दांडेही निघाले आहेत. यंत्र बदलले तरी वेग साधारण तोच आहे, दिवसाला एक मिलिमीटर. तो ठरवला आहे पेशींनी.

वर्गासाठी

कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मधूनमधून व्हिनेगर बदला. क्षार विरघळून हाड रबरासारखे वाकू लागते. उरते ते प्रथिनांचे जाळे. ताण दिलेल्या फटीत आधी असेच जाळे विणले जाते आणि क्षार त्यात नंतर भरतात.

दुसरी गोष्ट प्रयोगाची नाही, पण अधिक निकडीची आहे. मैदानावर मुलाचा हात मोडला आणि कोणीही, कुठेही पट्टी बांधली, तरी पहिले दोन दिवस त्याची बोटे पाहत राहा. बोटे पांढरी किंवा निळसर पडली, बधिर झाली किंवा ती हळूच सरळ करताना मूल कळवळू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी ताबडतोब सैल करा. प्लॅस्टर असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. हाड सांधायला महिने आहेत. स्नायूंकडे काही तासच असतात.