रिकाम्या पोटाचा उद्योग

जेवण झालें कीं पोट कामास लागतें व रिकामें झालें कीं विसांवा घेतें, अशी आपली समजूत असते. शास्त्रज्ञांचीहि पुष्कळ काळ तीच होती. तिला पहिला धक्का रशियांत बसला. विसाव्या शतकाच्या आरंभीं सेंट पीटर्सबर्ग येथें पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंत बोल्डिरेव्ह यांस असें आढळलें कीं, उपाशी कुत्र्याचें जठर ठराविक अंतरानें आपण होऊन आकुंचन पावूं लागतें व पुन्हां स्वस्थ होतें. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅनन व वॉशबर्न यांनीं गिळलेल्या फुग्याच्या साह्यानें भुकेच्या कळांचा अशा आकुंचनांशीं संबंध दाखविला. मात्र त्यामुळें लक्ष भुकेकडे गेलें. या हालचालीचें प्रयोजन काय, हा प्रश्न मागें राहिला.

१९६९ सालीं शुर्शेव्स्की यांनीं उपाशी कुत्र्यांच्या लहान आंतड्यावर विद्युदग्रें बसवून ही लाट शेवटपर्यंत सरकत जाते हें दाखविलें. मनुष्यांत ती साधारणपणें दीड-दोन तासांनीं उठते, उरलेले कण व जंतू पुढें लोटते आणि जेवतांच थांबते. १९७७ सालीं बेल्जममध्यें व्हॅनट्रापेन व त्यांच्या सहकाऱ्यांस, लहान आंतड्यांत जंतूंची बेसुमार वाढ झालेल्या कांहीं रुग्णांत ही लाट उमटतच नाहीं, असें दिसून आलें.

पंगत उठल्याखेरीज खरकटें काढतां येत नाहीं, हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. पोटाविषयीं तेंच कळावयास मात्र सुमारें सत्तर वर्षें लागलीं. वारंवार कांहींतरी तोंडांत टाकणारांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवावा, असें आम्हांस वाटतें.