जन्माआधीच मेंदूची जोडणी कशी होते?

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत एक नळी मिटते. पुढे तिच्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. नळी नीट मिटली नाही तर बाळात गंभीर जन्मजात दोष राहू शकतो. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायला सांगतात. पाळी चुकण्याची वाट पाहिली तर त्यातले मोलाचे दिवस हातून जातात.

नळीच्या आतल्या बाजूला चेतापेशी तयार होतात आणि आधारपेशींच्या लांब धाग्यांवरून सरकत बाहेरच्या थरांत पोहोचतात. आईच्या पोटात गेलेली दारू हा प्रवास बिघडवू शकते.

मग पेशीतून एक लांब तंतू निघतो. त्याच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात ओळखला. हा पंजा चाचपडत पुढे जातो. वाटेतली काही रसायनं त्याला ओढतात, काही दूर लोटतात. १९९४ मध्ये शोधलेल्या अशाच एका वाटाड्या प्रथिनाचं नाव आहे नेट्रिन. ते चक्क संस्कृत 'नेतृ' शब्दावरून ठेवलंय. आपला 'नेता' त्याच घरचा!

योग्य पेशी भेटली की दोघींत सिनॅप्स तयार होतो, म्हणजे संदेश पोचवणारा सांधा. सगळे तंतू थेट मुक्कामी जात नाहीत. डोळा-कानाकडचे संदेश पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसमधले तंतू मेंदूच्या बाह्य थराखाली काही आठवडे थांबतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास आत शिरतात.

इथवर रसायनांनी ढोबळ वाट दाखवलेली असते. नेमकेपणा येतो तो पेशींच्या स्वतःच्या हालचालीतून. मांजर आणि फेरेट यांच्या पिल्लांचे डोळे उघडण्याआधीच, प्रकाश नसतानाही, दृष्टिपटलात विजेच्या लहरी उठतात. कार्ला शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्या नोंदवल्या. एकत्र चेतणाऱ्या पेशींचे सांधे पक्के होतात, बाकीचे गळून जातात. त्याआधी मांजराच्या गर्भात औषधाने हे विजेचे संदेश थांबवून पाहिले होते. तेव्हा दोन डोळ्यांचे तंतू वेगळे झालेच नाहीत, एकमेकांत मिसळलेलेच राहिले.