आभासी फीत ग्रंथालय
आभासी फीत ग्रंथालय : संगणकातील माहितीच्या राखीव प्रती ठेवण्याची एक व्यवस्था. हिच्यात माहिती प्रथम चकत्यांवर साठविली जाते. मात्र ती चुंबकीय फितीवर लिहिली जात आहे, असे प्रती काढणाऱ्या आज्ञावलीला भासविले जाते. ही व्यवस्था का निर्माण झाली, हे फितीच्या इतिहासावरून कळते.

जर्मनीतील फ्रिट्स फ्लॉइमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप देऊन ध्वनिमुद्रणाची फीत बनविली. संगणकासाठी फितीचा वापर १९५१ मध्ये युनिव्हॅक यंत्रात झाला. ही फीत धातूची होती. पुढील वर्षी आयबीएमने प्लॅस्टिकच्या फितीचे ७२६ हे यंत्र जाहीर केले. रीळ एकाएकी फिरू वा थांबू लागले असता फीत तुटू नये, म्हणून तिचा सैल वेढा निर्वात स्तंभात ओढून धरलेला असे. रिळे फडताळांत क्रमवार ठेवीत व त्यांची नोंद राखणाऱ्यास ग्रंथपाल म्हणत. त्यावरूनच ‘ग्रंथालय’ हा शब्द रूढ झाला. १९८४ मध्ये रिळाच्या जागी २०० मेगाबाइट धारणेची काडतुसे आली आणि १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीने सुमारे ६,००० काडतुसे यांत्रिक हाताने हाताळणारे गोल कोठार विक्रीस आणले.

धारणा वाढली, तशी एक अडचण उद्भवली. १९९५ च्या आयबीएम ३५९० काडतुसात १० गिगाबाइट माहिती मावे; परंतु जुन्या आज्ञावल्या एका काडतुसावर एखादीच छोटी फाइल लिहून ते बाजूस ठेवीत. बहुतेक फीत कोरीच राही. हजारो आज्ञावल्या बदलण्यापेक्षा यंत्रालाच फसविणे स्वस्त होते. आयबीएमने १९९७ च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात आणलेल्या व्यवस्थेत ३२ आभासी फीतयंत्रे दिसत. लिहिलेली माहिती चकतीवर जाई आणि नंतर अशा अनेक आभासी फिती एका खऱ्या काडतुसावर एकत्र भरल्या जात.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१३ मध्ये हीच कल्पना क्लाउडमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या दूरस्थ माहितीकेंद्रांत, आणली. ग्राहकाच्या जागेत एक प्रवेशद्वार-आज्ञावली बसवितात. ती दहा फीतयंत्रे व एक फीतबदलक असल्याचे भासविते. स्थानिक चकतीचा एक भाग पाठवावयाच्या माहितीसाठी व दुसरा वारंवार लागणाऱ्या माहितीसाठी राखावा लागतो. प्रत्येक आभासी फितीस पट्टीसंकेतही असतो. फीत ‘बाहेर काढली’ की ती स्वस्त संग्रहात जाते. तेथून परत आणण्यास संग्रहाच्या प्रकारानुसार काही तास, अतिस्वस्त संग्रहातून बारा तासांपर्यंत लागतात. ही दिरंगाई ध्यानात न घेता केवळ भाडे पाहून संग्रह निवडणे घातक ठरू शकते. माहिती कोणत्या देशात राहते, हेही पाहावे लागते : भारतातील आर्थिक देवघेवींची माहिती देशातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. या कंपनीचे मुंबई येथील केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले होते.

या अनुकरणात फितीचा एक गुण मात्र सहज उतरला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत आज्ञावलीतील दोषामुळे सुमारे ०·०२ टक्के ग्राहकांच्या टपालपेट्या रिकाम्या झाल्या. माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत होत्या, पण दोष त्यांच्यापर्यंतही पोहोचला. टपाल परत मिळाले ते फितींवरून, कारण फिती यंत्रांपासून अलग ठेवलेल्या होत्या. आभासी फीत अशी अलग नसते. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द चोरणारा ती पुसू शकतो. खंडणीखोर आज्ञावल्यांचा उपद्रव वाढल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत फीत कोणालाही पुसता येऊ नये, अशी कुलपे या व्यवस्थेत घालण्यात आली. तथापि कुलूप ग्राहकाने स्वतः लावावे लागते. खऱ्या फितीचे उत्पादनही थांबलेले नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओच्या नवव्या पिढीतील काडतुसात संक्षेपन न करता १८ टेराबाइट माहिती मावते.