डोळखांबचे पाणी

माऊली, चंद्रभागेत उतरताना हे पाणी आले कोठून, असे आपण सहसा विचारीत नाही. पाऊस लांबला की आषाढीसाठी उजनीतून पाणी सोडतात. भीमेवरचे ते धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्यासाठी कित्येक गावे उठली. आपले स्नान त्यांच्या शिवारावरून वाहत येते.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे या. शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची कोठीच. १८९२ साली तानसा नदीवर दगडी धरण झाले आणि पाणी नळांतून उताराने मुंबईला निघाले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. मग भातसा आली. आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसेचे. मुंबईहून वारीला येणाऱ्या आपल्या भाविकांनी घरून भरून आणलेल्या बाटलीत बहुधा तेच असते.

याच तालुक्यात, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर, डोळखांब आहे. तिथले धरण लहान, मातीचे. अशा धरणाचे मोठेपण आकड्यांत सापडत नाही. पाणलोटातला पाऊस ते अडवते, जादा पाणी सांडव्यावरून जाते. भिंतीखालच्या जमिनीत मुरलेले पाणी विहिरींना पुरवते. पाझर म्हणजे गळती, असे शहरात समजतात. खालच्या वाडीला तोच पाझर म्हणजे चैत्रातला हंडा.

इथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते उतारावरून धावत निघून जाते. म्हणून भाताच्या खाचरांत गुडघाभर पाणी पाहिलेल्या वाड्यांवर वैशाखात टँकर येतो, आणि शेजारून मुंबईचे नळ भरून जात असतात. मला हे न्यायाचे वाटत नाही. मुंबईकराची तहान खोटी नाही, पण धरणासाठी ज्याची जमीन गेली त्याचा हंडा आधी भरायला हवा. नाथमहाराजांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. रामेश्वर तिथेच भेटला, असेही म्हणतो.

कार्तिकी करून परताल तेव्हा ओढ्याला धार असते. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून तोंडे शिवायची आणि प्रवाहाला आडव्या रचायच्या. झाला वनराई बंधारा. दिंडीतली वीस-पंचवीस माणसे पुरतात. महिनाभर थांबलात तर धार आटलेली असेल.