परिसराबाहेरून संगणकप्रवेश

परिसराबाहेरून संगणकप्रवेश : महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या आवारापासून दूर, दुसऱ्या गावात किंवा परदेशात असताना तिथली संगणकसुविधा वापरण्याच्या पद्धती. संशोधन-नियतकालिके, परवान्याची सॉफ्टवेअर, सर्व्हरवरच्या फायली, अभ्यासक्रमाचे पोर्टल आणि वाय-फाय हे सारे यात येते. समोरचा वापरकर्ता आपल्याच संस्थेचा आहे हे यंत्राने कशावरून ओळखायचे, हा या सगळ्या पद्धतींपुढचा समान प्रश्न. आधी तो माणूस कुठे बसला आहे यावरून ठरे. आता तो कोण आहे यावरून ठरते, निदान तसा दावा केला जातो.

दुरून यंत्र वापरण्याची कल्पना आजच्या संगणकापेक्षाही जुनी आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या बैठकीत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिटाइपवर संमिश्र संख्यांची गणिते घातली. ती सोडवणारे यंत्र न्यूयॉर्कमध्ये बेल प्रयोगशाळेत होते, आणि उत्तरे तारेवरून परत आली. त्याच डार्टमथमध्ये १९६४ साली जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांची एक संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली सुरू झाली. पुढे आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतली टर्मिनल्सही टेलिफोनच्या तारांनी तिला जोडली गेली. १९९०च्या दशकात विद्यापीठे मोडेमसाठी स्वतःचे फोन क्रमांक ठेवत. गावातल्या विद्यार्थ्याची त्यावर सोय होई, परदेशी गेलेल्याच्या कपाळी मात्र आंतरराष्ट्रीय कॉलचे बिल.

नियतकालिके इंटरनेटवर आली तेव्हा प्रकाशकांनी सोपा मार्ग पत्करला. संस्थेचे आयपी पत्ते नोंदवून घ्यायचे आणि त्या पत्त्यांवरून येणाऱ्याला मजकूर उघडून द्यायचा. ग्रंथालयात बसलेल्याला पासवर्डसुद्धा लागत नसे, आणि भाड्याच्या खोलीवर गेलेल्या त्याच विद्यार्थ्यापुढे तोच लेख पैसे मागत उभा राही. यावर तोडगा काढला तो एका ग्रंथपालाने. ॲरिझोनातील एका कम्युनिटी कॉलेजचे ख्रिस झागर यांनी १९९९ मध्ये ईझीप्रॉक्सी लिहिले. पुढे २००८ साली ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेने ते विकत घेतले. वापरकर्त्याने ग्रंथालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करायचे, मग तो सर्व्हर त्याच्या वतीने पान मागवतो. प्रकाशकाला मागणी आवारातूनच आल्यासारखी दिसते.

दुसरी पद्धत व्हीपीएनची. तिचे काम अधिक व्यापक. त्यात संगणकाची वाहतूक कूटबद्ध होऊन संस्थेच्या जाळ्यात शिरते, त्यामुळे आवारापुरती मर्यादित असलेली परवाना-सर्व्हर, संगणन-क्लस्टर यांसारखी साधनेही पोहोचेत येतात. सगळीच वाहतूक त्यातून नेली तर म्युनिकमध्ये बसून उघडलेले जर्मन संकेतस्थळही पुण्यातल्या संस्थेमार्गे वळसा घेऊन येते आणि व्हिडिओ कॉल अडखळतो. म्हणून अनेक संस्था फक्त आपल्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक व्हीपीएनमधून नेतात. पण मग प्रकाशकांची संकेतस्थळे त्याबाहेर राहतात. ‘व्हीपीएन चालू आहे, तरी लेख उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते.

तिसरी पद्धत संघीय ओळखीची. अमेरिकेतील इंटरनेट२ या संघटनेने शिबोलेथ हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशकाच्या पानावर आपली संस्था निवडली की संस्थेचेच लॉगिन पान उघडते. तिथून ‘हा आमचा सदस्य आहे’ असे स्वाक्षरीबद्ध प्रमाणपत्र प्रकाशकाकडे जाते. पासवर्ड संस्थेकडेच राहतो, नाव कळवण्याचीही गरज नसते. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘इन्फेड’ हा संघ हे काम करतो. अनुदानित महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणारी एन-लिस्ट योजना आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ याच केंद्रामार्फत चालतात. दुसऱ्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ती घरून उघडता येतील की नाही, हे मात्र त्या महाविद्यालयाने सदस्यांची नोंद किती नेटाने ठेवली आहे यावर बरेचसे ठरते.

प्रवासी विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी पडते ते एज्युरोम, म्हणजे आपल्या संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेचे वाय-फाय वापरू देणारी सेवा. नेदरलंड्समधील सर्फनेटचे क्लास व्हिरेंगा यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली. २००४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया त्यात आला, आणि आज शंभराहून अधिक देशांत ही सेवा मिळते. भारतात ती अर्नेट इंडिया चालवते. आयआयटी मुंबईचा विद्यार्थी ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात लॅपटॉप उघडतो तेव्हा वापरकर्तानावातला ‘ॲट’ चिन्हापुढचा भाग पाहून तिथला सर्व्हर विनंती वरच्या सर्व्हरकडे धाडतो. तिथून ती भारताच्या राष्ट्रीय सर्व्हरमार्गे मुंबईला पोहोचते. पासवर्ड कूटबद्ध असतो, तो मुंबईतच तपासला जातो, आणि ॲमस्टरडॅमला फक्त होकार किंवा नकार कळतो. वापरकर्तानाव अर्धेच लिहिण्याची सवय असलेल्यांचे घरच्या आवारात कधी कधी निभावते, परदेशात नाही. जोडणीची मांडणीही निघण्यापूर्वीच, संस्थेने दिलेल्या प्रोफाइलवरून करावी. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायची सूचना उपकरणाला दिलेली नसेल, तर त्याच नावाचे बनावट वाय-फाय उभारून कोणी पासवर्ड लाटू शकतो. एज्युरोमने इंटरनेट मिळते, आपले ग्रंथालय नाही. त्यासाठी वरच्या तीन वाटांपैकी एक धरावीच लागते.

ओळखीची ही व्यवस्था सध्या सर्वाधिक अडते ती मोबाइलवर. दुहेरी पडताळणीचा ओटीपी एसएमएसने येणार असेल आणि भारतातले सिम रोमिंगविना बंद पडले असेल, तर योग्य पासवर्ड असूनही दार उघडत नाही. ऑथेंटिकेटर ॲपला नेटवर्क लागत नाही. ते एक गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून साधारणतः दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढते. हिशेब जागतिक प्रमाणवेळेचा असल्याने देश बदलला तरी बिघडत नाही. फोनचे घड्याळ हाताने पुढे-मागे केले असेल तर मात्र आकडा नाकारला जातो. फोन हरवण्याची शक्यता धरून राखीव कोड कागदावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे. ते नसतील तर संस्थेच्या मदतकक्षाला आपण तेच विद्यार्थी आहोत हे फोनवरून पटवणे अवघड असते, आणि ते अवघड असावे हेच बरे.

राष्ट्रांच्या सीमाही आड येतात. २०२० मध्ये कोविडमुळे चीनमध्ये अडकलेल्या, ब्रिटिश विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना तिथल्या इंटरनेट-नियंत्रणामुळे अभ्याससाहित्य धड उघडेना. तेव्हा जिस्क या ब्रिटिश संस्थेने अलीबाबा क्लाउडच्या साह्याने एक खास जोडणी चाचणीला घेतली. तिच्यातून आधीच ठरलेल्या यादीतल्या संकेतस्थळांपर्यंतच जाता येई. काही सॉफ्टवेअरचे परवाने विशिष्ट देशांपुरते असतात, तर अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे काही साधने ठरावीक देशांत उघडतच नाहीत.

शिक्षण संपल्यावर खाते किती दिवस चालू राहील हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. माजी विद्यार्थ्यांना ई-मेल ठेवू देणाऱ्या संस्थांतही नियतकालिकांचा हक्क बहुधा संपतो, कारण प्रकाशकांच्या करारात माजी विद्यार्थी सहसा मोडत नाहीत. प्रबंधाच्या फायली आणि त्या ई-मेलवर नोंदलेली इतर खाती त्याआधी हलवावी लागतात.