दिनविशेष : २७ जानेवारी – अनिल अवचट यांचा स्मृतिदिन

ज्येष्ठ लेखक आणि सामाजिक कार्यकर्ते डॉ. अनिल अवचट यांचे २०२२ साली आजच्या दिवशी पुण्यात निधन झाले. जन्म १९४४चा, पुणे जिल्ह्यातील ओतूरचा. एम.बी.बी.एस. झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत. बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन आल्यावर त्यांनी ‘पूर्णिया’ लिहिले आणि पुढे वंचितांच्या जगण्यावर लिहीत राहिले.

पत्नी डॉ. सुनंदा मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची नोकरी सांभाळून घर चालावे म्हणून अवचटांनी मुक्ता आणि यशोदा या मुलींचे संगोपन आनंदाने अंगावर घेतले. स्वयंपाकघरातही ते रमत. १९८६मध्ये या दांपत्याने येरवड्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक मदत दिली. व्यसनाला शिवी न देता आजार मानणारी ही जागा. तिथे अवचट सगळ्यांचे ‘बाबा’. गप्पा मारतानाही हात रिकामे नसत: कागदाला घड्या घालून पक्षी करायचे आणि समोरच्या मुलाच्या हातावर ठेवायचे. लाकडात शिल्पे कोरत, बासरी वाजवत.

१९९७मध्ये सुनंदा कर्करोगाने गेल्या, तरी काम थांबले नाही. आज मुक्तांगणची धुरा मुक्ता पुणतांबेकर वाहत आहेत.