ओठ सांधला, पण घास चावता येतो का?

दुभंगलेला ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या बालकाचा ओठ शस्त्रक्रियेने सांधला की उपचार संपले, असा अनेक कुटुंबांचा समज असतो. चेहऱ्यावरील व्यंग झाकले गेलेले असते आणि मूल नीट दूध पिऊ लागलेले असते. मात्र फट हिरडी व टाळूपर्यंत गेलेली असेल, तर चावण्याची खरी परीक्षा दात आल्यावर सुरू होते. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर तांदळाची भाकरी, सुके बोंबील आणि सोडे हे नित्याचे अन्न आहे. ते चावता न येणारे मूल घरच्या ताटापासूनच दूर राहते.

दुभंग कशामुळे?

गर्भाचा ओठ साधारणतः चौथ्या ते सातव्या, तर टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात तयार होते. या काळात दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांशी जुळले नाहीत, तर फट राहते. सुमारे ७०० ते १००० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. आनुवंशिकता, मातेचे धूम्रपान, गर्भधारणेपूर्वीपासून असलेला मधुमेह व अपस्माराची काही औषधे यांचा त्याच्याशी संबंध आहे. ग्रहणात गर्भवतीने विळीवर भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत महाराष्ट्रात रूढ असली, तरी तिला शास्त्रीय आधार नाही. या समजुतीपायी मातेला दोष देणे अन्यायकारक होय.

चर्वणात अडथळा कोठे येतो?

केवळ ओठ दुभंगलेला असल्यास चावण्यावर फारसा परिणाम होत नाही. फट हिरडीतून गेलेली असल्यास त्या जागी हाड नसते. त्यामुळे पुढील दोन मोठ्या दातांच्या शेजारचा लहान दात पुष्कळदा येतच नाही किंवा वेडावाकडा येतो. टाळूवरील शस्त्रक्रियेचा व्रण आक्रसतो आणि वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते. खालचा जबडा मात्र वाढत राहतो. परिणामी वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात.

दात एकमेकांवर नीट टेकत नसल्याने अन्नाचे बारीक तुकडे होत नाहीत. असे मूल एकाच बाजूने चावते, जेवायला वेळ लावते किंवा मोठे घास तसेच गिळते. टाळूत छिद्र राहिले असल्यास अन्न नाकात चढते. वाकड्या दातांत अन्न अडकून ते किडण्याचा धोकाही अधिक असतो. चर्वणक्षमता मोजण्यासाठी रंग बदलणारे च्युइंगगम चावावयास देतात किंवा चावलेले अन्न चाळणीतून गाळून कणांचा आकार पाहतात.

उपचारांचे टप्पे

ओठाची शस्त्रक्रिया सहसा ३ ते ६ महिन्यांच्या वयात, तर टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केली जाते. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा सुमारे ८ ते ११ वर्षांच्या वयात येतो. वरचा सुळा येण्यापूर्वी कमरेच्या हाडातील अंश काढून हिरडीच्या फटीत त्याचे रोपण करतात. या नव्या हाडातून सुळा खाली उतरू शकतो. ही वेळ टळल्यास रोपण करता येते, पण यशाची शक्यता घटते. पुढे तारांच्या साहाय्याने दात ओळीत आणले जातात. जबड्यांतील अंतर फार असल्यास वाढ पूर्ण झाल्यावर, साधारणतः १७-१८ व्या वर्षानंतर, जबड्याची शस्त्रक्रिया करतात. न आलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसविता येतो.

गळती येथेच होते

शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. तारांचे उपचार मात्र काही वर्षे चालतात आणि दर महिना-दोन महिन्यांनी दंतवैद्याकडे जावे लागते. म्हसळा, श्रीवर्धनसारख्या तालुक्यांतून मुंबईची प्रत्येक खेप म्हणजे पालकांचा एक दिवसाचा रोजगार बुडणे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे. त्याअंतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळांत एकदा तपासणी होते. ओठ लहानपणीच सांधलेल्या मुलाच्या हिरडीकडे व दातांकडेही या तपासणीत लक्ष द्यावे, असा आग्रह पालकांनी धरावा.

टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस पेज, मऊ भात असे अन्न द्यावे. त्यानंतर मुलाला कायम मऊ अन्नावर ठेवू नये. भाकरी, भाज्या, फळे यांची सवय हळूहळू लावावी. दात दिवसातून दोनदा घासावेत. आणि मूल सात-आठ वर्षांचे झाले की, सर्व काही ठीक वाटत असले तरी, जबड्याची तपासणी अवश्य करून घ्यावी.